बीजवाले साहेब

उज्जैनला आम्ही पहिल्यांदा घर बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "आंघोळीचं पाणी कोणत्या भिंतीला तापवणार?"

माझं नुकतंच लग्न झालं होतं. ह्यांना बँकेत नोकरी लागली म्हणून नाशिक सोडून आम्ही एवढ्या लांब आलो होतो आणि देवास गेटजवळच्या धर्मशाळेत ट्रंकेवर बसून दिवस काढत होतो. काहीही करून घर मिळायला हवं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही सांगाल त्या भिंतीला."

"पूर्वेच्या. ओले कपडे पुढच्या अंगणात, पावसाळ्यात पुढच्या पडवीत. मागच्या बाजूला ओला रुमालसुद्धा जाता कामा नये. बाकी काय विचारायचं ते हिला विचारा." एवढं बोलून ते आत निघून गेले. हिला म्हणजे त्यांच्या बायकोला. काकूंनी आम्हाला पाणी दिलं आणि हसत म्हणाल्या, "घाबरू नका हं. मागच्या खोलीत ह्यांचे गहू राहतात."

'राहतात' असंच म्हणाल्या. मला वाटलं, इकडची मराठीच अशी असेल.

घरमालक साहेब शेतीखात्यात होते, बियाण्याच्या सरकारी गोदामावर. त्यांचं घराणं कधीकाळी संस्थानच्या दप्तरात कारकुनी करायला पुण्याकडून आलं आणि इकडलंच झालं. त्यामुळे घरात बोलणं मराठी, पण निम्मे शब्द हिंदी. आम्ही त्यांच्या दोन खोल्यांत राहायला लागलो तसे ते मला सूनबाईच म्हणू लागले. "सूनबाई, चाबी कुठे आहे मालूम आहे?" किंवा "आज बहुत उकाडा होऊन राहिला." पहिले काही दिवस मी तोंडाला पदर लावून हसत असे. पुढे मीच तसं बोलायला लागले आणि माहेरी गेले की माझी आई हसायची. गावातले लोक आणि आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी त्यांना 'बीजवाले साब' म्हणत. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही आठवून सांगावं लागे.

फ्रीगंजमधलं ते घर तसं ऐसपैस होतं. त्यातली सगळ्यांत चांगली खोली मागची. जाड भिंती, पश्चिमेला खिडकी नाही, जमीन उंच घेतलेली आणि तिच्याखाली खडी आणि कोळशाची राख भरलेली. मे महिन्यात बाहेर लू सुटली की त्या खोलीच्या दारापाशी नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटायचं. पण राहायचं उंबऱ्याबाहेरच. आत गव्हाची वस्ती आणि नवरा-बायको पुढच्या खोलीत वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत पडलेले. "लोकांचे साहेब उन्हाळ्यात पचमढीला जातात," काकू म्हणायच्या. "आमच्याकडे गहू पचमढीला आणि आम्ही भट्टीत."

साहेबांनी देश स्वतंत्र झाल्यानंतरचा पहिला गहू घेतला होता. एकाच शेतातला, एकाच दिवशी कापलेला आणि उन्हात एकत्र वाळवलेला माळव्याचा कठिया गहू. त्याचे वाटे करून त्यांनी निरनिराळ्या ठिकाणी ठेवले. एक वाटा तरटाच्या पोत्यात, शेतकरी ठेवतो तसा. एक मातीच्या कोठीत, तोंड शेणामातीनं लिंपून. एक पत्र्याच्या साध्या डब्यात. आणि एक डब्यात तळाला ओल शोषायला कळीचा चुना घालून, वर झाकणाला डाख मारून, म्हणजे कथील वितळवून ते हवाबंद करून. अशा छोट्या छोट्या कोठ्या आणि डबे भिंतीला ओळीनं लावलेले होते. दर वर्षी दिवाळीच्या आधी ते प्रत्येक प्रकारातले थोडे दाणे काढून ओल्या फडक्यात गुंडाळत आणि किती उगवतात ते बघत. तेवढ्यासाठी डाख फोडलेला डबा परत कधी वापरत नसत, नवा फोडत. कोणता गहू किती वर्षं जिवंत राहतो आणि कशामुळे मरतो, एवढंच त्यांना हवं होतं.

"बी म्हणजे झोपलेलं पोर आहे, सूनबाई," त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. "झोपेत ते श्वास घेतं, अगदी हळू. उकाडा झाला, ओल लागली, की श्वास जोरात चालतो. जमिनीत नाही, पाणी नाही, आणि ते अर्धवट जागं होतं. अशानं पोर आजारी पडणार नाही तर काय?"

"मग सगळंच डब्यात घालून डाख का मारत नाहीत लोक?" मी विचारलं.

माझ्या प्रश्नावर ते इतके खूश झाले की काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस? हिनं विचारलं!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ओलसर बी बंद केलं तर ते आतल्या आत गुदमरतं. उघडं ठेवलेलं निदान वारा तरी खातं. आधी कोरडं, मग बंद. उलटं केलं की खेळ खलास."

कोरडं आणि ओलं या दोन शब्दांत त्यांचं सगळं जग बसत असे. कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जाऊन मिठाच्या भांड्यात बोट घालायचे. मीठ चिकट लागलं की त्या घरच्या बाईची खैर नसे. देवास गेटच्या धान्यबाजारात ते दिसले की दुकानदार पोत्यांवर कापड ओढून घेत, कारण साहेब मूठभर गहू उचलणार, त्यातला एक दाणा दाढेखाली धरणार, मान वाकडी करून 'कट्' असा आवाज होतो का ते ऐकणार आणि नाही झाला तर भर दुकानात मोठ्यानं "गीला है!" म्हणणार हे ठरलेलं होतं. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हातातल्या अक्षता चावून पाहिल्या. काकूंनी कोपर मारलं, तर म्हणाले, "अगं, नरम आहेत." नवऱ्या मुलीच्या काकांनी ऐकलं ते त्यांच्या कायम लक्षात राहिलं.

पावसाळ्यात मागच्या खोलीत जाण्याचा त्यांचा एक विधीच होता. आधी अंग कोरड्या पंचानं खसाखसा पुसायचं, मग दार जेमतेम माणूस शिरेल एवढं उघडायचं आणि श्वास रोखून आत जायचं. माणसाच्या श्वासातही ओल असते, हे त्यांचं म्हणणं. श्वास संपला की लाल चेहऱ्यानं बाहेर येऊन पडवीत हाशहुश करत बसायचे. त्या खोलीची चाबी त्यांच्या जानव्याला बांधलेली असे.

त्या वर्षांत सरकारी पाट्या फार बदलल्या. मी आले तेव्हा गोदामावर नुकतीच 'मध्यभारत' अशी पाटी लागली होती आणि खाली संस्थानचं जुनं नाव पुसट दिसत होतं. कुणी विचारलं, "साहेब, नया राज कैसा है?" तर ते म्हणत, "पाटी नवी आली आहे. दीवार अजून गीलीच आहे." वरच्या लोकांना हे बोलणं आवडत नसे. पण त्यांच्या मनात राजकारण काडीचंही नव्हतं, ते खरोखरच भिंतीबद्दल बोलत होते.

आमच्या गल्लीतल्या मराठी बायका नवरात्राच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे घटासाठी गहू मागायला येत. साहेबांच्या हातचा गहू घटाभोवतीच्या मातीत टाकला की तो दाट उगवणारच, असा सगळ्यांचा विश्वास होता. साहेब पुड्या बांधून तयार ठेवत आणि पुढच्या नऊ दिवसांत प्रत्येक घरी दर्शनाला जात. बायका म्हणायच्या, माणूस किती भाविक आहे! साहेब देवीला हात जोडत आणि मग चष्मा कपाळावर चढवून घटापाशी इतके वाकत की एकदा त्यांची टोपी समईवर पडली.

एका वर्षी शेजारच्या आईसाहेबांचा घट उगवला नाही. आईसाहेब म्हणजे जुन्या दरबारी घराण्यातल्या विधवा बाई. कडक, सोवळ्याच्या, सगळी गल्ली त्यांना वचकून असे. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि तिची आधीची दोन मुलं जगली नव्हती. माती तशीच काळी राहिली. एखादा पांढरा कोंब वर आला तोही वाकडा. आईसाहेबांनी अन्न सोडलं. रामघाटावरच्या गुरुजींना बोलावणं गेलं, देवीचा कोप झाला म्हणून शांत करायची ठरली. सून एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली मी स्वतः पाहिली. तिला कुणी काही बोललं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

मी घरी येऊन हे काकूंना सांगितलं. साहेब पडवीत पेपर वाचत होते. पेपर हळूच खाली आला. 

"पोत्यातला होता," ते म्हणाले.

"काय?" काकूंनी विचारलं.

"त्यांच्या पुडीत पोत्यातला गहू होता. वेगवेगळ्या घरी वेगवेगळा दिला होता मी. बघायचं होतं मला."

काकूंना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाल्या, "उठा. आत्ताच्या आत्ता जा. आणि मी पण येते, नाहीतर तुम्ही तिथे भाषण द्याल."

मीही मागोमाग गेले. साहेबांनी चपला गल्लीतच काढल्या. देवघरात आईसाहेबांसमोर उभे राहून त्यांनी दोन्ही हातांनी कान धरले. "आईसाहेब, देवी रागावलेली नाही. माझं पोतं खराब आहे."

"कसलं पोतं?"

त्यांनी सगळं सांगितलं. तरट, पावसाळ्याची हवा, गहू वरून चकचकीत दिसला तरी आतून कसा मरतो, सगळं. आईसाहेब ऐकत राहिल्या.  शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घटात तुम्ही मेलेला गहू घातलात?"

"हो."

"जाणूनबुजून?"

"मला वाटलं होतं, थोडा तरी जिवंत असेल."

"बाहेर व्हा," आईसाहेब म्हणाल्या. साहेब मुकाट्यानं वळले. पण दारापाशी थांबून ते त्या सुनेला म्हणाले, "बेटा, तुझा काही संबंध नाही. तू जेवून घे." ती पोर पहिल्यांदा वर बघून रडली आणि मग जेवली.

आईसाहेबांनी शांत केली ती केलीच. साहेबांशी बोलणं मात्र टाकलं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, तरी त्या समोरून तोंड फिरवून जात. सुनेला दरम्यान मुलगा झाला होता; तो चांगला अंगानं भरला, तेव्हा एक दिवस गडी पेढ्यांच्या दोन पुड्या घेऊन आला. एक साहेबांसाठी आणि दुसरी, आईसाहेबांचा निरोप होता, त्यांच्या पोत्यासाठी. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण त्यानंतर नवरात्रात सगळ्या घरी एकच गहू जाऊ लागला, डाख मारलेल्या डब्यातला.

पुढे एका पावसाळ्यात शिप्रेला मोठा पूर आला. पाऊस थांबेचना. रामघाटावरची देवळं कळसापर्यंत बुडाली आणि घाटामागच्या गल्ल्यांत पाणी शिरलं. फ्रीगंज उंचावर, म्हणून लोक मिळेल ते डोक्यावर घेऊन इकडे येऊ लागले. आमच्या दोन्ही खोल्या भरल्या, पुढची पडवी भरली. काकू आणि मी मोठ्या पातेल्यात खिचडी टाकत होतो आणि लाकडं ओली असल्यामुळे धुरानं डोळे चुरचुरत होते.

दुपारी घाटावरच्या एका पंड्याचं, म्हणजे तीर्थोपाध्यायाचं, कुटुंब आलं. म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून. सून ओली बाळंतीण. पोर तिच्या पदरात गुंडाळलेलं, पण पदरच भिजलेला. पुढच्या खोलीचं छप्पर ठिबकत होतं, पडवीत झड येत होती. काकूंनी पोर हातात घेतलं आणि त्याचे पाय चोळायला लागल्या. ते रडत नव्हतं. ओठ निळसर दिसत होते.

"ऊब पाहिजे हिला आणि पोराला," काकू म्हणाल्या. "कोरडी जागा पाहिजे."

घरात एकच कोरडी जागा होती. ती कुठली, हे मला माहीत होतं, काकूंना माहीत होतं.  काकूंनी नुसतं साहेबांकडे पाहिलं. साहेब त्या पोराच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी सदऱ्यात हात घातला, जानवं ओढून चाबी काढली आणि मागच्या खोलीचं दार सताड उघडलं. सताड उघडलेलं ते दार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"चटई टाक, सूनबाई. आणि सिगडी आण."

"सिगडी? आत?" मी म्हटलं.

"आण म्हणतो ना!"

सिगडी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः आत नेऊन ठेवली. धूर कोंडू नये म्हणून दार उघडंच राहिलं आणि बाहेरची पावसाळी हवा आत येत राहिली. डबे आणि कोठ्या भिंतीला होत्या तिथेच होत्या, हलवायला दुसरी जागाच नव्हती. काकू बाळंतिणीला घेऊन आत बसल्या. थोड्या वेळानं आतून एक बारीक आवाज आला, मग मोठा. पोर रडायला लागलं. पंड्या म्हातारा पडवीत बसला होता, त्यानं दोन्ही हात जोडून वर पाहिलं.

पाऊस पुढेही चालूच राहिला. बाळाची दुपटी वाळणार कुठे? साहेबांनीच मागच्या खोलीत कोठ्यांवरून दोरी बांधली आणि दुपटी ओळीनं वाळत घातली. मी त्यांच्याकडे बघत होते. दोरीवर लंगोट टाकताना त्यांचा हात क्षणभर कोठीच्या लिंपलेल्या तोंडावर टेकला. मग त्यांनी दुसरा लंगोट झटकला. खोलीत गरम, दमट, दुधाचा आणि ओल्या कपड्यांचा वास भरून राहिला होता. साहेब तिथे मोकळा श्वास घेत होते. आता रोखून काय उपयोग!

पाणी उतरल्यावर सगळे आपापल्या घरी गेले. बाळंतीण जाताना साहेबांच्या पाया पडली. पोर पंड्यानं त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी ते जरा वेळ धरलं आणि विचारलं, "वजन बढा है क्या?" काकूंना मूल नव्हतं. त्यांनी ते पोर साहेबांच्या हातातून घेऊन आईकडे दिलं आणि आत निघून गेल्या.

दिवाळीपूर्वी साहेबांनी फडकी भिजवली. त्या वेळी मी त्यांना मदत करत होते. पोत्यातल्या गव्हातला एकही दाणा उगवला नाही, त्यांना ते अपेक्षितच होतं. साध्या डब्यातला जवळजवळ गेला. डाख मारलेला, चुना घातलेला डबा फोडला, त्यातले दाणे मात्र असे उगवले की जणू कालच शेतातून आले. मी आनंदानं ओरडले.  साहेबांनी कोठीचं फडकं उलगडलं. त्यात अगदी थोडे कोंब होते, अशक्त, पिवळे. बाकीचे दाणे फुगून मऊ पडले होते.

"डबा जिंकला ना पण?" मी म्हटलं.

"डबा कुणाच्या घरी असतो, सूनबाई? साहेबाच्या. डाख मारायला कल्हईवाला कोण बोलावतो? साहेब. खेड्यात कोठी असते." त्यांनी फडकं घडी घालून ठेवलं. "कोठी हरली."

मग, मी विचारलं नसताना, त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. गोदामावर येऊन थोडेच दिवस झाले होते, लढाईचा काळ होता, धान्याची टंचाई होती. गोदामातलं बियाणं बघून त्यांनीच पास केलं होतं. स्वच्छ, टपोरं, चकचकीत. ते एका गावात वाटलं गेलं आणि शेतंच्या शेतं उगवली नाहीत. तोवर पेरणीची वेळ निघून गेली होती.

"मी गावात गेलो. वाटलं, शिव्या देतील, मारतील. कुणी काही बोललं नाही. चौकात नुसते बसून राहिले. एका म्हाताऱ्यानं मला पाणी दिलं आणि म्हणाला, 'बाबूजी, आपने देखा तो था.'" साहेब म्हणाले, "देखा था मैंने. गोदामाच्या भिंतीला ओल होती आणि मी गव्हाकडे बघत होतो. मेलेला गहू आणि जिता गहू दिसायला एकच. बघून कळत नाही, सूनबाई. म्हणून मग..." त्यांनी भिंतीला लावलेल्या डब्यांकडे हात केला आणि वाक्य तिथेच सोडलं.

त्यानंतर ते कोठीच्याच मागे लागले. मातीत भुसा किती, शेण किती, राख किती. एक कोठी दुसरीत बसवून मधल्या जागेत डांबर ओतायचं. खाली विटांचे पाय. रविवारी सायकलवरून खेड्यांत जाऊन कोठ्या लिंपणाऱ्या बायकांजवळ बसायचे. त्या लाजून घुंगट ओढत आणि साहेब मातीत कोपरापर्यंत हात घालून विचारत, "ये दरार क्यूँ आती है, बहन?" अंगणात आमच्या तुळशीभोवती तडकलेल्या कोठ्यांची रांग लागली. काकूंची कटकट चालूच होती, पण डांबर तापवायला चुलीवरचं जुनं पातेलं त्यांनीच दिलं. शेवटी एक छोटी दुहेरी कोठी त्यांच्या मनासारखी झाली. तीत त्यांनी नवा, नीट वाळवलेला गहू भरला, तोंड लिंपलं, डांबर लावलं आणि म्हणाले, "आता हिला कुणी हात लावायचा नाही."

त्याच सुमारास राज्यं नव्यानं आखली गेली. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आलं, राजधानी भोपाळला आणि साहेबांचं खातंही तिकडे. गोदामावर परत नवी पाटी आली. त्यांना ताबडतोब हजर व्हायचा हुकूम आला, तेव्हा उन्हाळा होता. साहेबांनी वर कळवलं की बियाणं उन्हात प्रवास करू शकत नाही, तरी थंडीपर्यंत मुदत मिळावी. वरिष्ठांना वाटलं, बियाणं म्हणजे सरकारी माल. त्यांनी मुदत दिली. घरचे गहू आहेत हे कळेपर्यंत थंडी आली होती.

आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो. काकू खिडकीशी, डबे बाकाखाली गोधड्यांत आणि ती दुहेरी कोठी साहेबांच्या मांडीवर, शालीत गुंडाळलेली. गाडीच्या डब्यात घाटावरून परतणारे यात्रेकरू होते. त्यांना वाटलं, कुठल्या तरी तीर्थाचा कलश असणार. एका म्हातारीनं वाकून कोठीला हात लावायला बोटं पुढे केली. साहेब दचकून मागे सरकले आणि म्हणाले, "माताजी, हाथ सूखा है ना?"

म्हातारीनं लुगड्याला हात पुसले आणि मग भक्तिभावानं नमस्कार केला. काकूंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मी खिडकीतून त्यांचा हात धरला होता तो गाडी हलेपर्यंत सुटला नाही.

नंतर आमच्या भेटी झाल्या, पण थोड्या. ह्यांच्या बदल्या, माझी मुलं. साहेब निवृत्त झाले आणि भोपाळलाच राहिले. ते गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. छातीत दुखलं आणि गेले, काकूंशी बोलता बोलता. मला लगेच जाता आलं नाही. जाणं झालं ते पुढच्या थंडीत.

घराचा पत्ता शोधत मी फाटकापाशी पोचले. दोन्ही बाजूंच्या बंगल्यांत शेवंती आणि गुलाब होते. मधल्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत गहू उभा होता, गुडघाभर, हिरवागार. काकू एका कडेला झारीनं पाणी घालत होत्या. मला बघून त्यांनी झारी खाली ठेवली.

"त्या डब्यांचं मी काय करणार होते, सांग," त्या म्हणाल्या. "झाडूवालीला देऊन टाकावे म्हटलं. हात धजला नाही. मग माळ्याला बोलावलं आणि पेरून टाकले दाणे सगळे."

"सगळे?"

"सगळे. हे असते तर मला घरात घेतलं नसतं."

"आणि कोठीतले?" मी विचारलं. मला तेच विचारायचं होतं.

काकू माझा हात धरून मला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेल्या. तिथे विटा लावून एक वाफा वेगळा केला होता. "हे डब्यातले," त्यांनी मागे दाखवलं. "आणि हे कोठीतले." मी दोन्हीकडे बघितलं. वाफ्यातला गहू तितकाच दाट होता. तितकाच उंच. मी वाकून मुळाशी बघितलं, कुठे मोकळी जागा आहे का ते शोधलं. नव्हती.

"ह्यांनी नाही बघितलं," काकू म्हणाल्या. "दरसाल म्हणायचे, अजून एक पावसाळा जाऊ दे, मग फोडू." आणि त्या तिथेच विटांवर बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. वाऱ्यानं गव्हाची पाती आमच्या अंगाला लागत होती.

शेजारच्या बंगल्यातली बाई कुंपणापाशी आली आणि विचारू लागली, "माताजी, इस बार फूल नहीं लगाए?"

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "नहीं बेटा," त्या म्हणाल्या, "इस बार साहब का गेहूँ है."